पडून राहिलेलं हेड : प्रिंटर दुरुस्तीच्या नोंदी, मार्च ते मे २०२५

शनिवार, ८ मार्च २०२५

बार्शीहून मावसभावाचा ए-थ्री प्लस प्रिंटर आज टेम्पोतून आला. सहा रंगांचा, टाकीवाला, डाय शाईचा, पिएझो हेडचा. हेड म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग. भावानं स्टुडिओ दिवाळीनंतर बंद केला, तेव्हापासून हा पडून. "हेड जाम आहे. चाललं तर तुझं, नाहीतर भंगारात घाल," एवढंच म्हणाला. आंबेडकर जयंतीच्या फ्रेमा आणि अक्षय तृतीयेची लग्नं यांच्या आत हा उभा राहिला तर बारा-अठरा इंची प्रिंटसाठी लॅबच्या पाया पडायला नको. सोलापुरातल्या माझ्या दुकानात सध्या फक्त ए-फोरचा आहे, तो पासपोर्ट फोटोंत अडकलेला असतो.

झाकण उघडून टॉर्च मारला. हेड जागेवर नव्हतं, पार मध्यावर उघडंच थांबलेलं. म्हणजे प्रिंट चालू असताना लाइट गेली आणि नंतर कुणी पुन्हा चालूच केला नाही. प्रिंटर त्याच्या बटणानं बंद केला की हेड वाहणारी गाडी उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी कॅपवर बसते आणि नोझल, म्हणजे हेडची बारीक भोकं, झाकली जातात. मध्येच वीज तुटली की गाडी असेल तिथं थांबते आणि हेड हवेला लागतं. चार महिने तसंच, तेही बार्शीच्या हवेत.

अजून प्लग लावलेला नाही आणि आज लावणारही नाही. चालू केला की पहिलं काम म्हणून तो वायपर हेडवरून फिरवतो. वायपरच्या रबरावर वाळलेल्या शाईची खपली आहे, ती नोझलवरून घासत जाईल. बहुतेक जण इथंच घाई करतात. "बघू तरी चालतोय का" म्हणून बटण दाबतात आणि जे ओलं करून सुटलं असतं ते आणखी घट्ट बसवतात.

नळ्या पाहिल्या. निळ्या रंगाच्या नळीत शाईच्या मध्ये मध्ये हवेचे तुकडे दिसताहेत, बाकीच्या पाच सलग भरलेल्या आहेत. लक्षात ठेवायला हवं.

रविवार, ९ मार्च

गाडी मध्यावर असल्याचा एक फायदा म्हणजे कॅप सरळ दिसते. लांबट रबरी चौकट, आत स्पंजाची पट्टी, खाली पंपाकडे जाणारी नळी. स्पंजावर काळपट शाई काकवीसारखी दाटून बसली होती. कडेच्या रबरावर कागदाचे तंतू आणि एक केस. हा केस साधी गोष्ट नाही. रबर आणि हेड यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी झाकण लागलं असं म्हणता येत नाही.

साफसफाईला डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी अजिबात नको, आमच्याकडचं तर बोअरचं, किटलीला पांढरा थर चढवणारं. आरओचंही नको, त्यात थोडे का होईना क्षार राहतातच. गॅरेजवाल्याकडं बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालतं, पण बाटलीवर नीट वाचून घ्यावं. त्याच कपाटात बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.

ड्रॉपरनं कॅप काठोकाठ भरली, थोड्या वेळानं टिपून घेतली, पुन्हा भरली. पाणी फिकट दिसेपर्यंत हेच चाललं. रबराची कड चष्मा पुसायच्या कापडानं पुसली. कापूस वापरला की त्याचे तंतू मागे राहतात आणि मूळ दुखणं परत येतं. वायपरही तसाच दोन्ही बाजूंनी पुसला.

सोमवार, १० मार्च

आज हेडची पाळी, पण न काढता. जुन्या सुती बनियनची घडी घालून बोटभर रुंद पट्टी केली, कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळली आणि गाडीच्या वाटेत ठेवली. हातानं गाडी हळूच तिच्यावर आणून उभी केली. पट्टी इतकीच जाड की हेड टेकेल पण घासणार नाही. वरून प्लॅस्टिक झाकलं म्हणजे रात्रीत वाळायची नाही.

डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. पाणी उडालं की मागे रंग आणि ग्लिसरीन-ग्लायकॉलसारखी द्रव्यं उरतात. ही द्रव्यं मुळात शाई लवकर वाळू नये म्हणूनच घातलेली असतात. पाणी परत मिळालं की रंग बऱ्याच अंशी पुन्हा विरघळतो. म्हणून ओली पट्टी आणि धीर हा पहिला उपाय. नोझलचं भोक साधारण वीस मायक्रॉनचं, केसाच्या जाडीहून कमी. तिथं टोचून काही निघणार नाही, फक्त भिजवूनच निघेल.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी पट्टी काढली. सहा रंगांचे सहा पट्टे उमटायला हवेत. पिवळा, मॅजेंटा, निळा, फिकट निळा छान उमटले. काळा पुसट. फिकट मॅजेंटाच्या जागी मात्र गुलाबी डाग म्हणावा की नाही असा संशय.

कॅपमध्ये पुन्हा पाणी भरून मगच प्लग लावला. सुरुवातीची घरघर झाली, गाडी डावीकडे सरकली, तेवढ्यात प्लग काढून कॅपमध्ये डोकावलो. पाणी ओसरलं होतं, पण पूर्ण नाही. म्हणजे पंप फिरतोय आणि नळी मोकळी आहे, पण ओढ कमी पडतेय. कॅप भरलेलीच राहिली असती तर पंप किंवा नळी तुंबली असं समजलो असतो. कॅप पूर्ण कोरडी झाली असती आणि तरी हेडमधून शाई आली नसती तर बोट हेडकडं दाखवावं लागलं असतं. थेंबभर पाण्यानं एवढं कळतं, तरी हे कुणी बघत नाही.

पहिला नोझल चेक काढला. या मशिनात एका रंगाला ९० नोझल, आणि चेकच्या कागदावर प्रत्येक नोझलची एक बारीक रेघ, पायऱ्या-पायऱ्यांनी. काळ्याच्या काही रेघा गायब. निळ्याच्या मधल्या भागात मोठी फट. फिकट मॅजेंटाचा जवळजवळ अर्धा जिना नाही. कागदावर तारीख टाकून ठेवला. पंपानं हेडमधून शाई ओढणारं क्लीनिंग मात्र केलं नाही.

दुकानातल्या पोराला हे कळेना. "काका, बटण हाय की त्याच्यात. क्लीनिंग मारूया ना." त्याला म्हटलं, उद्या.

बुधवार, १२ मार्च

आज दुसरा चेक काढला आणि कालचा व आजचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. सगळ्या दुरुस्तीत एवढं एकच काम डोळ्यांनी करायचं असतं. फिकट मॅजेंटाच्या फटी कालच्याच जागी, रेघेला रेघ जुळणाऱ्या. काळ्याच्या रेघा बहुतेक परतलेल्या. आणि निळ्याची फट जागा सोडून वर सरकलेली!

जिथल्या तिथं राहणारी फट म्हणजे वाळलेली शाई. जागा बदलणारी फट म्हणजे हवा. एकाच हेडमध्ये दोन वेगळी दुखणी. दोन्हींना एकच औषध दिलं की एक बरं होतं आणि दुसरं बिघडतं.

हवेनं असं का होतं ते पोराला कागदावर काढून दाखवलं. पिएझो हेडमध्ये प्रत्येक नोझलमागे एक चिमुकला कप्पा असतो आणि त्याची एक भिंत वीज दिली की वाकते. भिंत वाकली की शाई दाबली जाते आणि थेंब सुटतो. शाई आकसत नाही म्हणून हे जमतं. कप्प्यात बुडबुडा शिरला की दिलेला दाब तो बुडबुडाच खातो, थेंब सुटत नाही. नोझल स्वच्छ असतं तरी रेघ गायब. मग माणूस क्लीनिंगवर क्लीनिंग करतो, पंप जोरानं ओढतो आणि कुठं सैल जोड असेल तर तिथून आणखी हवा आत येते. बरेच "जाम" झालेले हेड असे क्लीनिंगनंच आजारी पडलेले असतात.

टँक प्रिंटरच्या मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं की दोन-तीनदा क्लीनिंग करून गुण आला नाही तर किमान १२ तास प्रिंटर तसाच ठेवा. बुडबुडे विरघळायला, वर जायला वेळ लागतो, म्हणून. ती ओळ कुणी वाचत नाही, कारण गिऱ्हाईक दारात उभं असतं.

हे सगळं पिएझोचं. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये भिंत वाकत नाही, तिथं बारीक हीटर शाई तापवतो आणि वाफेचा बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि टोकातून शाई उडाली, त्यातून ही कल्पना निघाली म्हणतात. एचपीचा थिंकजेट १९८४ चा. एप्सननं पिएझोचा स्टायलस ८०० आणला तो १९९३ मध्ये. एचपीच्या अनेक छोट्या मशिनांत हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत हेड हातानं निघतं. आमच्यासारख्या पिएझोवाल्यांत मात्र ते कायमचं, म्हणूनच इतके लाड. उलट तापणाऱ्या हेडमध्ये शाई न येता प्रिंट काढत राहिलं तर हीटर जळतो, कारण त्याला थंड ठेवणारी शाईच नसते. एकाच्या मशिनवरचा इलाज दुसऱ्यानं आपल्या मशिनवर करू नये, ते यासाठी.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. दुकान बंद. प्रिंटर कॅपवर बसवून ठेवलाय, हात लावलेला नाही.

शनिवार, १५ मार्च

निळा न मागता सुधारला, एखाद-दुसरी रेघ सोडली तर जिना पूर्ण. काळा पूर्ण. फिकट मॅजेंटा जसाच्या तसा.

ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. न बघताच म्हणाला, हेड बदला. हेडची किंमत नव्या प्रिंटरच्या शेजारी जाऊन बसते, त्यात बदलायची मजुरी. "का ओ, परत क्लीनिंगच मारालाव काय? पॅड भरंल बघा," असंही वर म्हणाला. हे मात्र त्याचं खरं. प्रत्येक क्लीनिंगची शाई खालच्या फेल्टच्या पॅडमध्ये जाते आणि मशीन ती आतल्या आत मोजत असतं. मोजणी भरली की दोन लाल दिवे लुकलुकतात आणि सगळं ठप्प. मग ती मोजणी पुन्हा शून्यावर आणून देणाऱ्या रिसेटरवाल्याची मनधरणी.

सोमवार, १७ मार्च

हेड काढलं.

बटणानं बंद, मग प्लग बाहेर, मग गाडी मोकळी करून मध्यावर. डॅम्परची, म्हणजे नळ्या आणि हेड यांच्यामधल्या छोट्या डब्यांची, जुडी वर उचलली, तिच्याखाली टिश्यू. स्क्रू काढून हेड सरळ वर घेतलं आणि चपट्या रिबन केबली ओढून न काढता एक एक सोडवल्या. केबल जिथं शिरते त्या खाचेवर लगेच कागदी टेप. हेड मरतं ते शाईनं कमी आणि या खाचेत पाणी गेल्यानं जास्त. पाणी गेलं आणि वीज दिली की हेडही जातं आणि बोर्डवरचा फ्यूजही.

मेडिकलमधून १० मिलिलिटरची सिरिंज आणि सलाईनची नळी आणली होती, सुई फेकून दिली. नळीचा दोन बोटं तुकडा कापून एक टोक सिरिंजला, दुसरं हेडच्या फिकट मॅजेंटाच्या नळकांड्यावर. हेडचं तोंड खाली, ओल्या टिश्यूवर. कोमट डिस्टिल्ड वॉटर. अंगठ्यानं दट्ट्या दाबायचा तो इतकाच की तो सरकू बघतोय असं वाटावं. सरकला नाही तर दाब वाढवायचा नाही, थांबायचं. जोर केला तर एका रंगाच्या वाटेची आतली चिकटलेली जोडणी सुटते आणि शेजारच्या रंगात शाई मिसळते. मग हेड खरोखरच भंगार.

सुरुवातीला दट्ट्या दगड. अर्धा तास पाणी आत ठेवून वाट पाहिली. पुन्हा हलकासा दाब, मग हलकीच ओढ, मग दाब. टिश्यूवर अचानक गडद लालसर ठिपका फुटला. हा रंग फिकट मॅजेंटाचा नव्हता, वाळून दाट झालेल्या शाईचा होता. तिथून पुढं पाणी हळूहळू फिकट होत गेलं. हेड उचलून टेबल-लॅम्पसमोर आडवं धरलं आणि अगदी हलकेच दाबलं, तर नोझलच्या ओळीतून दोऱ्यांसारख्या बारीक धारा एकमेकींना समांतर. एका टोकाला दोन धारा तिरक्या जाऊन शेजारणीला चिकटत होत्या. तिथं अजून काहीतरी आहे.

ज्या रंगांचं दुखणं नव्हतं त्यांना सिरिंज लावली नाही. "आता उघडलंच आहे तर सगळेच धुऊन घेऊ" हा मोह फार वाईट.

हेड चष्म्याच्या कापडावर तोंड खाली करून ठेवलंय. उद्या दिवसभर वाळू दे, विशेषतः खाच.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. रस्त्यावर पोरं पिचकाऱ्या घेऊन आणि आत मी सिरिंज घेऊन. टेप काढून खाचेत टॉर्च मारला, कोरडी ठक्क. हेड बसवलं, डॅम्पर दाबून बसवले, कॅपमध्ये दोन थेंब पाणी, चालू. शाई भरून यायला एक क्लीनिंग आवश्यकच होतं, ते केलं.

नोझल चेक : पाच रंग पूर्ण. फिकट मॅजेंटाच्या टोकाच्या दोन रेघा नाहीत, बाकी जिना सलग.

या दोन रेघांच्या मागं लागायचं नाही असं ठरवलं. फोटो क्वालिटीत हेड एकाच पट्टीवरून अनेकदा फिरतं, एका नोझलची उणीव पुढच्या फेरीत दुसरं भरून काढतं. वेगाचं दोन्ही दिशांचं प्रिंटिंग बंद केलं, क्वालिटी सगळ्यात वर ठेवली आणि ओळखीच्या एका नवरीचा हळदीचा फोटो काढून पाहिला. गालावरची सावली, हनुवटीखालचा भाग, हळदीच्या पिवळ्यात मिसळणारी त्वचा, हे सगळं सहारंगी मशीन फिकट मॅजेंटावर तोलतं. तो रंग अर्धा असला की नवरी हिरवट दिसते. ही नीट दिसली.

शनिवार, २२ मार्च

रोज सकाळी पहिला चेक काढायचा, काही न छापता. तर सकाळी पिवळ्याच्या कडेच्या रेघा तुटलेल्या आणि दोन-चार प्रिंट झाल्यावर परत आलेल्या. कालही तसंच, परवाही तसंच. दिवसा नीट, रात्रीत बिघाड. म्हणजे रात्री काय होतं ते बघायला हवं, आणि रात्री प्रिंटर कॅपवर बसण्याखेरीज काही करत नाही.

भिंगानं कॅपची कड पाहिली. पिवळ्याच्याच बाजूच्या कोपऱ्यात रबराला दोन-अडीच मिलिमीटरची चीर. ११ तारखेला पंपाची ओढ कमी पडत होती, तीही हिच्यामुळंच. पंप शाई ओढण्याऐवजी चिरेतून हवा ओढत होता. हेडमध्ये शाई वाळली ही गोष्ट खरी, पण मशीन मुळात दुखत होतं ते या कॅपमध्ये. हेड बदललं असतं तरी नवं हेड याच गळक्या झाकणावर रात्री काढणार होतं. मेकॅनिक मंडळी हेडचा भाव सांगतात, कॅपचा सांगत नाहीत, कारण कॅप हेडच्या मानानं अगदीच स्वस्त.

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून कॅप असेम्ब्ली मागवली.

बुधवार, २६ मार्च

कॅप आली, बसवली. स्प्रिंग सुटून उडते तेव्हा ती शोधायला खाली पांढरी चादर अंथरावी.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळचा चेक कालच्यासारखाच. पिवळा पूर्ण.

शनिवार, ५ एप्रिल

उन्हाळा बसला. दुपारी ३ ला दुकानातला आर्द्रतामापक १७ टक्के दाखवत होता. अशा हवेत प्रिंट चालू असतानाही न वापरले जाणारे रंग नोझलच्या तोंडाशी घट्ट होतात. पासपोर्ट फोटोंच्या पांढऱ्या पार्श्वभूमीत काळा फारसा लागतच नाही, म्हणून काळ्याची रेघ आधी जाते.

कूलर लावला तर मापक पंचेचाळीसच्या पुढं गेला. एसीवाल्या दुकानात हे होत नाही, एसी हवा आणखी कोरडी करतो. आमच्या डबडा कूलरला प्रिंटरपुरता तरी मान द्यायला हवा. फक्त त्याचा झोत थेट मशीनवर नको. थेंब आत जातात, आणि वाऱ्यानं गाडीखालचा कागद फडफडून हेडला घासतो.

आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी लाइट जाते, ती सांगून जाते तरी. न सांगता जाते तिच्यासाठी प्रिंटरला कम्प्युटरच्याच यूपीएसवर घेतलं. हेतू छापत राहण्याचा नाही. लाइट गेल्यावर चालू पान सोडून द्यायचं आणि बटण दाबून गाडी कॅपवर जाऊ द्यायची, तेवढी दोन मिनिटं पुरे.

दिवसात चार वेळा बंद-चालू करणं मात्र बंद केलं. बऱ्याच वेळा चालू करताना मशीन थोडी शाई ओढतंच. सकाळी चालू, रात्री बटणानं बंद.

शनिवार, १२ एप्रिल

जयंतीच्या फ्रेमांचं काम. बाबासाहेबांचा निळा कोट, मागं निळं आकाश, बारा-अठरा. पहिली प्रत वरून सुरेख, आणि खाली येता येता कोट जांभळट. पुन्हा काढली, तेच. नोझल चेक लगेच काढला तर निळ्याचा मधला भाग गायब. पंधरा मिनिटांनी काढला तर पूर्ण!

ही शाईची उपासमार. चेकच्या कागदाला शाई लागते कणभर, ती मिळते. निळ्यानं भरलेलं मोठं पान मागायला लागलं की पुरवठा कमी पडतो, निळा आटतो आणि मॅजेंटा एकटा राहतो. ८ मार्चला निळ्या नळीतच हवेचे तुकडे होते, १२ मार्चला निळ्याचीच फट सरकत होती. तिन्ही गोष्टींचं मूळ एकच असणार, ते म्हणजे निळ्याचा डॅम्पर. नळी आणि हेड यांच्यामधली ही छोटी डबी, तिच्यात बारीक जाळी. जाळी अर्धी तुंबली की शाई थेंबाथेंबानं येते आणि डबीत हवा जमते.

कॅपबरोबर डॅम्परचा एक सेट मागवून ठेवला होता. निळ्याचा तेवढा बदलला. नवा कोरडा बसवायचा नाही. सिरिंजनं खालून हलकेच ओढून आधी डबी शाईनं भरायची, मगच हेडवर. जुना कापून पाहिला तर जाळीवर गडद निळी साय. भावाला फोन करून विचारलं, तर शाई संपत आल्यावर दुसऱ्या कुठल्यातरी सुट्ट्या बाटलीतली भरली होती म्हणे. दोन वेगळ्या घडणीच्या शाया एकत्र आल्या की कधीकधी अशा फाटतात. टाकीतली सगळी निळी शाई काढून टाकली.

रात्री अकरापर्यंत फ्रेमा चालू होत्या. कोट वरपासून खालपर्यंत निळा.

शुक्रवार, २ मे

अक्षय तृतीयेची गर्दी ओसरली. एक ओळखीचे वकील त्यांचा ऑफिसचा प्रिंटर घेऊन आले, काळा अजिबात येत नाही. हा पिगमेंट शाईचा. यात रंग विरघळलेला नसतो, बारीक कण पाण्यात तरंगत असतात, आणि वाळले की त्यांचा थर पाण्यानं सहजी सुटत नाही. त्याला किंचित अल्कलीचा क्लीनर लागतो, पिगमेंटसाठीच म्हणून मिळतो तो. कुणीतरी आधी स्पिरिट घातलं होतं. स्पिरिटनं कण एकमेकांना धरून गोळा होऊ शकतात, आणि ते उडूनही लवकर जातं. पट्टी ठेवून भिजत घातलाय. वचन दिलेलं नाही.

रत्नागिरीच्या एका फोटोग्राफर मित्राशी बोलणं झालं. त्याचा प्रिंटर महिनाभर बंद राहिला तरी एका चेकमध्ये उठतो. "तुमच्याकडची हवा दे पाठवून," म्हटलं. तो म्हणाला, "घेऊन जा, पण कागदाची बुरशीही न्यावी लागेल."

गुरुवार, ८ मे

वकिलांचा काळा आला. पूर्ण नाही, कोर्टाच्या कागदांना पुरेसा.

मंगळवार, २७ मे

मान्सून यंदा २४ मेलाच केरळात, काल मुंबईत. इथं आधीपासूनच पाऊस धरलाय आणि मापक ८२ वर गेलाय. कूलर बंद. रेघा तुटायच्या थांबल्या, पण आता ग्लॉसी कागदाच्या कडा वर वळताहेत आणि हेड कडेला घासून काळा ओरखडा उठवतंय. अशा घासण्यानं कोटिंगची पूड हेडला चिकटते, ते वेगळंच. कागदाची पाकिटं डब्यात बंद, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद. रोजचा चेक आता एक दिवसाआड.

पॅडची नळी मागच्या बाजूनं बाहेर काढून बाटलीत सोडली, म्हणजे पॅड पुन्हा भरायला नको. मोजणी मात्र मशीन करतच राहणार, रिसेटर लागणारच. बाटलीवर मार्करनं मिलिलिटरच्या खुणा केल्यात. या हेडचा सगळ्यात लहान थेंब १.५ पिकोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये असे साधारण ६७ कोटी. पोरानं बाटली उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, एका क्लीनिंगला यातलं किती जातं. जून अखेरीस खूण बघून त्याला सांगायचं आहे. तोपर्यंत क्लीनिंगचं बटण मला विचारून.